चिठ्ठी कापायची नसते

मिझिंगाला पाखरं आवडायची नाहीत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे संग्रहालयात येणारी शिकलेली माणसं तिचं काम बघून म्हणायची, "किती प्रेम आहे हो या बाईचं पक्ष्यांवर." प्रेम कसलं डोंबलाचं. वयाच्या सातव्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत ती झांबेझीच्या काठावर, आईच्या ज्वारीच्या शेतात मचाणावर बसून पाखरं हाकत होती. पहाटे चढायचं, अंधार पडला की उतरायचं. कणसात दूध भरलं की लाल चोचीचे थवे यायचे आणि अर्ध्या तासात वर्षाचं पोट रिकामं करून जायचे. डुलकी लागली तर पलीकडच्या मचाणावरून आईचं ढेकूळ यायचं, ते बरोबर पाठीत.

मग ती डोळे मिटून ऐकायला शिकली. कोणत्या आवाजाला उठून बोंबलायचं आणि कोणत्या आवाजाला पडून राहायचं, हे कळलं नाही तर मरणच होतं, कारण प्रत्येक चिवचिवीला उठलं तर दुपारपर्यंत घसा बसतो. दोन सारखी दिसणारी तपकिरी पाखरं, त्यांतलं एक दाणा खातं आणि एक किडे खातं, हे तिला आवाजावरून कळायचं. हे ज्ञान वैरातून आलेलं होतं. वैऱ्याला माणूस जितका नीट ओळखतो तितका मित्रालाही ओळखत नाही.

ती सोळाची झाली त्या वर्षी खाली कुठेतरी नदीला भिंत घातली आणि पाणी वर चढायला लागलं. लॉऱ्या आल्या. माणसं, कोंबड्या, मडकी, जाती सगळं एकावर एक चढवलं. सरकारी माणूस लॉरीच्या टपावर उभा राहून म्हणाला, "काळजी करू नका, तिकडची जमीन अगदी अशीच आहे." तिकडे उतरल्यावर मिझिंगाच्या आईने पायाच्या अंगठ्याने माती उकरली, वास घेतला आणि तिथेच थुंकली. नदी नाही, गाळ नाही, मागे राहिलेली थडगी पाण्याखाली. आणि म्हणे अगदी अशीच. तेव्हापासून 'सारखंच आहे की' हे शब्द कुणी तोंडातून काढले की मिझिंगाचं डोकं फिरायचं. मीठ सारखंच, कापड सारखंच, नवरा काय सगळे सारखेच. तिच्यापुढे हे म्हणायची सोय नव्हती.

नवरा तांब्याच्या खाणीत गेला तो गेलाच. पदरात एक मुलगी, चीलो. तिला घेऊन मिझिंगा पठारावरच्या रेल्वेच्या गावात बहिणीकडे आली आणि संग्रहालयात धुण्याभांड्याला लागली. पठारावरची माणसं तिच्या जातीचीच, भाषाही तीच, पण खोऱ्यातून आलेल्यांकडे ती जरा वरूनच बघतात. तिचे वरचे पुढचे दात जुन्या रिवाजाप्रमाणे लहानपणीच पाडलेले, हातात दुधीची गुडगुडी; पठारावरच्या बायका तिच्या पाठीमागे हसायच्या. ती पुढून हसायची, सगळ्या खिंडीसकट.

संग्रहालयाचा तेव्हाचा साहेब पेनरोज नावाचा म्हातारा इंग्रज. लाल कानांचा, तोंडाने फटकळ. पहिल्याच आठवड्यात मिझिंगाने पाहिलं की तो व्हरांड्यात मेलेलं पाखरू सोलतोय आणि रक्त टिपायला त्यावर मुठी मुठीने मक्याचं पीठ टाकतोय. तिने हातातली बादली खाली ठेवली आणि पिठाचा डबा उचलून छातीशी धरला.

"हे काय करताय?"

"रक्त टिपतोय. डबा ठेव."

"पीठ खायला असतं. राख घ्या."

"राखेने पिसं मळतात."

"मग चिमटीभर टाका. मूठ कशाला? हात आहेत का सुपं?"

पेनरोजने हातातली सुरी तिच्यापुढे धरली. मग म्हणाला, "चिमटीभर टाकून करून दाखव." तिने दाखवलं. कोंबडी सोलणाऱ्या बाईला चिमणीएवढं पाखरू सोलणं काय अवघड. वर्षभरात ती त्याच्यापेक्षा चांगलं सोलायला लागली. पोटावर एक चीर, कातडं मोज्यासारखं उलटं करायचं, कीड लागू नये म्हणून आतून सोमल लावायचा, कापूस भरायचा, चार टाके घालायचे आणि पायाला दोऱ्याने चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर जागा, दिवस, नर की मादी आणि मेलं तेव्हा काय गात होतं. लिहायला तिला म्हाताऱ्यानेच शिकवलं. जाडजूड रजिस्टरात नंबर, जागा आणि तारीख असायची; गाणं मात्र फक्त चिठ्ठीवर.

पाखरं मारून आणायचं काम सियांकोंडोचं. हा गाडीही चालवायचा आणि मोहरीएवढ्या छर्ऱ्यांची बंदूकही. तो तरसाच्या कुळातला, मिझिंगा हत्तीच्या कुळातली. या दोन कुळांत थट्टेचं नातं. म्हणजे त्याने तिला वाटेल ते बोलावं, तिने त्याला वाटेल ते बोलावं, आणि रागवायचं कुणी नाही. जगात कुणावरही भडकणाऱ्या या बाईला एकट्या सियांकोंडोवर भडकायची परवानगी नव्हती आणि तो त्याचा पुरेपूर फायदा घ्यायचा.

"ए हत्तीणबाई, जरा सरक, सावली अडवलीस."

"ये तरसा. आज काय खाल्लंस, कुणाचं उष्टं?"

"तुझ्या हातचं तरी नाही खाल्लं. तुझ्या नवऱ्याला तेवढीच अक्कल, वेळेवर पळाला."

असं बोलून तो खिशातून काढून पाखरं टेबलावर मांडायचा.

त्यांतलंच एक काळं पाखरू. अंगठ्याएवढं, उन्हात धरलं तर निळी-जांभळी झाक, पाय पांढुरके, चोच पांढुरकी. नर तेवढा काळा, मादी मातकट आणि साधी. हे पाखरू घरटं बांधत नाही. कोकिळेसारखं दुसऱ्याच्या घरात अंडं टाकतं. फरक एवढाच, की याचं पिल्लू यजमानाच्या पिल्लांना ढकलून देत नाही, सगळी एकत्र वाढतात. यजमान म्हणजे लहानशा लाल मुनिया. पठारावर त्या दोन तऱ्हेच्या आहेत, एक गुलाबी, माळावरच्या काट्याकुट्यांत राहणारी, आणि एक गडद, ओढ्याच्या काठच्या गचपणात राहणारी. त्यांची गाणी वेगळी. गुलाबीचं गाणं म्हणजे वाळक्या शेंगेतल्या बिया खुळखुळाव्यात तसं, गडदचं म्हणजे लांब ओढलेली शीळ आणि मागे टिकटिक.

मिझिंगाने ऐकलं की काही काळे नर खुळखुळतात आणि काही शीळ घालतात. यजमानाच्या घरात वाढलेलं लेकरू त्या यजमान बापाचंच गाणं गातं. पण दिसायला सगळे काळे एकच. पेनरोजने विचारलं, "मग हे एका जातीचे का दोन?"

आता इथे तिची चूक झाली आणि ती अशी चूक होती की ती आमच्याच माणसांच्या हातून व्हावी. आमच्याकडे कूळ येतं ते आईकडून. लेकरू बापाच्या घरात वाढो, मामाच्या घरात वाढो, नाहीतर परक्याच्या घरात. आई हत्तीची तर लेकरू हत्तीचंच. तेव्हा मिझिंगाने आई शोधली. दोन पावसाळे ती मातकट माद्यांच्या मागे ओढे तुडवत फिरली. सगळ्या माद्या एकसारख्या. मग पोरं दोन कुळांतली कशी असतील? तिने चिठ्ठ्यांवर ठाम अक्षरात लिहिलं, 'गाणी दोन, कूळ एक.' अशा एकतीस चिठ्ठ्या लिहिल्या.

तिसऱ्या वर्षी तिने गुलाबीच्या घरट्यांतल्या काळ्या पिल्लांच्या पायांना निळा दोरा बांधला आणि गडदच्या घरट्यांतल्या पिल्लांना तांबडा. पुढच्या वर्षी निळ्या दोऱ्याचा नर खुळखुळत होता, तांबड्याचा शीळ घालत होता. हे तर ठीकच. पण निळ्या दोऱ्याची मादी खुळखुळणाऱ्याकडेच जायची आणि अंडं टाकायला परत गुलाबीचंच घर शोधायची. तांबडीचं तसंच, गडदच्या घरी. चार वर्षं बघितलं. एकही मादी चुकली नाही. म्हणजे या पाखराचं कूळ आईकडून येत नव्हतं. ज्याने भरवलं त्याच्याकडून येत होतं. दोन्ही कुळं एकमेकांत मिसळत नव्हती. दोन जाती होत्या, दिसायला एक.

ते कळलं त्या दिवशी ती स्वतःवर इतकी चिडली की कात्री घेऊन सरळ खणाकडे गेली, त्या एकतीस चिठ्ठ्या कापून टाकायला. पेनरोजने तिचं मनगट धरलं. त्या म्हाताऱ्याने तिला हात लावल्याची ती एकच वेळ.

"चिठ्ठी कापायची नसते."

"चुकीची आहे. मी चुकले."

"चुकलीस तर दुसरी बांध. त्यावर लिही की पहिली का चुकली. पण पहिली तिथेच राहील. पाखरू मेलंय, त्याला तोंड नाही. तू काय ऐकलंस एवढंच त्याच्यापाशी उरलंय. ते कापलंस तर ही नुसती कापूस भरलेली पिसं."

तिने एकतीस दुसऱ्या चिठ्ठ्या बांधल्या. प्रत्येकीवर लिहिलं, 'कुळं दोन. मी आई बघितली. घर बघायला हवं होतं.' लिहिताना दात नसलेल्या हिरड्या आवळून बसली होती. चूक कबूल करणं तिला जन्मात जमलं नव्हतं, आणि इथे ती एकतीस वेळा कबूल करावी लागली.

म्हातारा मेला, रेल्वेपलीकडच्या दफनभूमीत पुरला गेला. त्याच्यामागे मिझिंगा आणि सियांकोंडो काम करतच राहिले. काळी पाखरं झाली दोनशे बारा, प्रत्येकाच्या पायाला तिच्या हातची चिठ्ठी, कुणाच्या एक, कुणाच्या दोन.

मग हाकांतू साहेब आला. पठारावरच्याच गुरंवाल्या बड्या घरातला, परदेशात शिकलेला, टाय लावणारा. माणूस वाईट होता असं नाही. त्याला खरंच वाटायचं की आता देश आपला आहे तर संग्रहालयही नीटनेटकं दिसावं, बाहेरच्यांनी नाक मुरडू नये. त्याने खण उघडले तर तंबाखूचे डाग पडलेल्या चिठ्ठ्या, वाकडं अक्षर, एकाच पायाला दोन दोन. त्याने मिझिंगाला बोलावलं.

"बाई, हे काळे सगळे एकच आहेत. मी मापं घेतली. पंख, चोच, शेपूट, सगळं सारखंच आहे."

तो शब्द त्याने उच्चारला तेव्हाच बाहेर उभ्या सियांकोंडोने कपाळाला हात लावला.

"मापं सारखी आहेत. गाणं वेगळं आहे," मिझिंगा म्हणाली.

"कातड्याला गाणं नसतं."

"म्हणून तर चिठ्ठीवर लिहिलंय."

"चिठ्ठीवर?" त्याने एक पाखरू उचललं. "ही बघा पहिली चिठ्ठी. कूळ एक. ही दुसरी. दोन. उद्या तिसरी बांधाल, तीन म्हणून. तुमचं तुम्हालाच ठरलेलं नाही, आणि मी परदेशात काय सांगू? की आमच्याकडे एक खोऱ्यातली बाई आहे, ती ऐकून सांगते?"

"हो. तसंच सांगा."

"बाई, तुम्ही सोलता छान. तेवढंच करा."

ती बाहेर आली आणि धुण्याच्या दगडावर बसून गुडगुडी ओढत राहिली. सियांकोंडोने दोनदा टोमणा मारून पाहिला. तिसऱ्यांदा तो नुसता शेजारी येऊन बसला.

चार महिन्यांनी खोऱ्यातून निरोप आला की तिचा थोरला भाऊ गेला. मिझिंगा बस धरून गेली. आमच्याकडे मयताच्या घरी थट्टेच्या नात्यातला माणूस यावाच लागतो. सगळे रडत असताना तो येऊन मेलेल्याला शिव्या घालतो, त्याच्या खाटेवर आडवा पडतो, म्हणतो याने माझी कोंबडी चोरली होती, ती दिल्याशिवाय पुरू देणार नाही. रडणाऱ्यांना मधेच हसू फुटतं आणि छातीवरचा दगड जरा हलतो. तो आला नाही तर मयत कोरडं गेलं म्हणतात. सियांकोंडो चौथ्या दिवशी बसने आला. बायका वाट बघतच होत्या. भावाच्या बायकोने तर डोळे पुसून जागा करून दिली.

तो येऊन बसला आणि बसून राहिला. मातीकडे बघत. तोंडातून एक शब्द नाही.

बायकांत कुजबूज सुरू झाली. एक म्हातारी उघडच म्हणाली, "हे कसलं तरस? हे तर मेंढरू." त्यावरही तो हसला नाही. मिझिंगा उठली, त्याला दंडाला धरून कणगीमागे घेऊन गेली.

"जीभ कुठे विसरून आलास? माझा भाऊ मेलाय. माझ्या घराची अब्रू आहे इथे."

"मिझिंगा," तो म्हणाला.

बारा वर्षांत त्याने तिला नावाने हाक मारली नव्हती. 

"बोल."

"चिठ्ठ्या कापल्या."

"किती?"

"सगळ्या. मंत्री येणार होता. दोन कारकून बसवले होते. नव्या छापील चिठ्ठ्या बांधल्या, नवे नंबर टाकले, सगळ्यांवर एकच नाव. जुन्या चिठ्ठ्या ढिगात. मी धावलो ग. तोवर माळ्याने पाल्यापाचोळ्यात पेटवल्या होत्या."

मिझिंगाने कणगीला पाठ टेकली. तिचा भाऊ मातीखाली होता, त्याच्यासाठी ती चार दिवस रडली होती, आणि आता डोळे कोरडे पडले. मग ती म्हणाली, "आत जा आणि तुझं काम कर. मोठ्याने कर. माझ्या भावाने काय बिघडवलंय?" आणि सियांकोंडो आत गेला, खाटेवर आडवा पडला आणि त्याने रडत रडत मेलेल्याला शिव्या घातल्या. लोक हसले. त्याच्या डोळ्यांतलं पाणी सोंगाचं नाही हे तिला एकटीलाच माहीत होतं.

परतल्यावर ती सरळ साहेबाच्या खोलीत गेली. पायातली धूळसुद्धा झाडली नाही.

"माझ्या चिठ्ठ्या."

"बाई, आधी बसा. तुमच्या भावाचं ऐकलं. वाईट झालं."

"भाऊ देवाने नेला. चिठ्ठ्या तुम्ही जाळल्या."

"जाळल्या नाहीत, बदलल्या. जुनी माहिती रजिस्टरात आहे."

"रजिस्टरात गाणं नाही. आणि नंबर तुम्ही नवे टाकले. आता कोणतं पाखरू कोणतं, ते रजिस्टराला तरी ठाऊक आहे का?"

साहेबाने रजिस्टराकडे पाहिलं. हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. पण साहेब लोकांना चूक लक्षात आली की आवाज चढतो.

"सगळी एकाच जातीची आहेत, काय फरक पडतो?"

"दोनशे बारा जीव मारले आम्ही. सियांकोंडोने मारले, मी सोलले. खायला नाही मारले. काय गात होते ते लिहून ठेवायला मारले. आता ते फुकट मेले. तुम्ही त्यांना दुसऱ्यांदा मारलंत."

"बाहेर जा," साहेब म्हणाला.

ती गेली. कामावर मात्र रोज येत राहिली, आणि रोज त्याच्या खोलीवरून जाताना थुंकायची, आवारात, नियमाने, खिडकीसमोर.

सहा महिन्यांनी डॉक्टर ओपियो आला. युगांडातून देश सोडून निघालेला, उंच, हडकुळा, खांद्यावर टेपरेकॉर्डर. पेनरोजने मरण्यापूर्वी त्याला पत्र लिहिलं होतं, की इथे एका बाईने काळ्या पाखरांची दोन कुळं सांगितलीत आणि तिच्याकडे पुरावा आहे. तो दोन आठवडे ओढ्याकाठी टेप लावून बसला आणि परत आला तेव्हा त्याला दोन्ही गाणी मिळाली होती. आता त्याला कातडी बघायची होती. गाण्यानुसार दोन ढीग लावून, पंखांच्या पिसांत एवढासा जरी फरक सापडला तरी तो छापून दाखवणार होता की या दोन जाती आहेत.

हाकांतू साहेबाने खण उघडला. ओपियोने एक चिठ्ठी पाहिली, दुसरी, दहावी.

"जुन्या चिठ्ठ्या कुठायत?"

"त्या खराब झाल्या होत्या," साहेब म्हणाला, आणि लगेच, "पण बाईंना सगळं आठवतं. त्यांचेच हात आहेत. त्या पुन्हा लिहून देतील. काय बाई?"

मिझिंगा म्हणाली, "बघते."

ती आणि सियांकोंडो तीन दिवस त्या खणांपुढे बसले. दोनशे बारा पाखरं उताणी. तिचा रिवाज असा ठरला, की दोघांनाही एकच आठवलं तर लिहायचं, नाहीतर नाही.

"हे," ती म्हणायची, "डाव्या पंखाखाली छर्रा. इथे मी पाच टाके घातले, कारण तू नीट मारलं नव्हतंस."

"मी नीटच मारलं होतं. तूच पोटाशी फाडलंस, तुझी बोटं म्हणजे केळी."

"कुठे पडलं होतं?"

"काटेरी बाभळीत. माझा सदरा फाटला."

"खुळखुळत होतं."

"खुळखुळतच होतं. लिही."

आणि पुढचं, "हे?" सियांकोंडो बराच वेळ बघायचा. "नाही बुवा. ओढ्याचं वाटतं, पण वाटतं." मग ते बाजूला जायचं. असं करता करता एकसष्ट पाखरांची गाणी परत आली. एकशे एक्कावन्न गप्प राहिली. मिझिंगा त्यांना उचलून कानाशी धरायची, जणू काही ऐकू येईल, आणि चिडून खाली ठेवायची.

तिसऱ्या दुपारी हाकांतू साहेब आत आला. ओपियो बाहेर हात धुवत होता. साहेबाने दार ओढून घेतलं आणि आवाज खाली आणला. टाय सैल झाला होता.

"बाई, एकसष्टांत त्याचं भागणार नाही. उरलेली अंदाजाने लावा. निम्मी इकडे, निम्मी तिकडे. तुमचा अंदाज म्हणजे काय साधा आहे? मी मान्य करतो, तुमचं बरोबर होतं. दोन जाती. पाखरांची यादी छापली जाईल तेव्हा तुमचं नाव घालतो, पूर्ण नाव, पहिल्या पानावर."

"आणि चिठ्ठ्या कापल्या त्याचं काय?"

"त्याचं काहीच राहणार नाही. हा विषय संपेल. कोण विचारतंय कातड्यांना?"

खरं सांगायचं तर मिझिंगा क्षणभर थांबली. पेनरोज गेल्यापासून कुणी तिला बरोबर म्हटलं नव्हतं. आता म्हणणारा समोर उभा होता. एकशे एक्कावन्न पाखरं, निम्मी इकडे, निम्मी तिकडे, आणि तिचं म्हणणं जगात सिद्ध. बोटाने ढकलायची ती काय. सियांकोंडो तिच्याकडे बघत होता आणि तोही या खेपेला थट्टा करत नव्हता.

तिने कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे ओढला आणि दौत उघडली. साहेबाने श्वास सोडला आणि खुर्चीत बसला. ती लिहीत राहिली. दर चिठ्ठी लिहून झाली की फुंकर मारायची, पायाला बांधायची, दोनदा गाठ मारायची. साहेबाच्या छापील चिठ्ठीला तिने हात लावला नाही. दुसरी त्याच पायाला, तिच्या शेजारी. ओपियो हात पुसत आत आला आणि दाराशी उभा राहिला.

वीस-पंचवीस झाल्यावर साहेब कौतुकाने वाकला आणि एक उचलून वाचायला लागला. वाचता वाचता त्याच्या कानांच्या पाळ्या पिवळ्या पडल्या. त्याने दुसरं उचललं, तिसरं उचललं. सगळ्यांवर तेच होतं. 'मेलं तेव्हा गात होतं. काय ते मी ऐकलं होतं आणि लिहिलं होतं. ती चिठ्ठी हाकांतू साहेबांच्या हुकमाने कापली. आता माहीत नाही. मिझिंगा.'

"हे काय?" साहेब म्हणाला. "माझं नाव? एकशे एक्कावन्न वेळा?"

"जे झालं ते लिहिलंय."

ओपियोने ते वाचलं. त्याचा चेहरा उतरला. त्यालाही एकशे एक्कावन्न हवी होती, आणि त्याने ते लपवलं नाही. "एकसष्ट कमी पडतात, बाई," तो म्हणाला.

"कमी आहेत. पण खरी आहेत. उरलेल्यांसाठी पुढच्या पावसात या. टेप घेऊन या, आम्ही दोघं आहोत."

साहेबाने टेबलावरची कात्री उचलली. दोरा पकडला.  सियांकोंडो खणांजवळून पुढे सरकला, पण मिझिंगाने त्याला हाताने थांबवलं. खुर्चीतून उठलीही नाही. दौतीत टाक बुडवला आणि पुढची कोरी चिठ्ठी समोर घेतली.

"कापा साहेब," ती म्हणाली. "मी तिसरी बांधते. त्यावर तारीखही घालीन."